नवतप्यातलं साखरेचं इंजिन

नंदनवन, नागपूर
५ जून १९७९

प्रिय प्रेमिला,

तुला आणि जावईबापूंना जयभीम, आणि नातीच्या दोन्ही गालांचा पापा. तुझी दोन पत्रं आली, माझं उत्तर एकालाही गेलं नाही. बाबा आजारी तर नाहीत ना, असं तू दुसऱ्या पत्रात विचारलंस. आजारी नाही. हात साखरेत होते. खरोखरच साखरेत, पार कोपरापर्यंत, आणि तसल्या हातांनी पत्र उघडलं की ते बोटांना चिकटून घरभर फिरतं. भिलाईला कायमचे राहायला कधी येता, हा तुझा प्रश्न मी वाचला आहे. त्याचं उत्तर देतो. पण आधी इकडे काय झालं ते नीट सांगू दे, नाहीतर तुला दुसऱ्याच कुणाकडून कळेल, आणि आपल्या वस्तीत गोष्ट पानठेल्यापर्यंत पोचता पोचता बकरीची म्हैस झालेली असते.

जागेश्वरकाका एकतीस मेला रिटायर झाले. तुला आठवत असेल, लहानपणी तू त्यांच्या इंजिनात उभी राहून उमरेडपर्यंत गेली होतीस आणि तुझ्या आईने तुला घासघासून आंघोळ घातली तरी उशीला काळा डाग पडलाच. नोकरीभर त्यांनी छोट्या रुळांची गाडीच चालवली. इतवारी ते नागभीड आणि परत. मिरचीच्या दिवसांत भिवापूरला पोती चढली की अख्खी गाडी शिंकत शिंकत नागपुरात यायची, आणि काका म्हणायचे की आमच्या गाडीला शिटीची गरजच नाही. तर अशा माणसाच्या निरोपाला काय करावं, यावर अनुसयाकाकू महिनाभर विचार करत होत्या. मागे कुठल्याशा साहेबाच्या निरोपाला केक कापलेला त्यांनी पाहिला होता. ते त्यांच्या मनात बसलं. "साहेबाले केक, अन् ज्यानं जिंदगीभर गाडी ओढली त्याले काय नुसता हार-नारळ?" असं त्या मला म्हणाल्या. आणि केक म्हणजे गोल केक नाही. केक इंजिनाचा पाहिजे. काळं इंजिन, मागे डबा, खाली रूळ. आणि काकांना आधी कळता कामा नये.

केक करणार होत्या जयवंताबाई. मागच्या गल्लीत राहतात त्या, महानगरपालिकेच्या शाळेत शिवण शिकवतात. त्यांचे यजमान पोस्टात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. तू त्यांना पाहिलं आहेस. तुझी आई गेली तेव्हा आपल्याकडे रोज डबा यायचा ना, तो त्यांच्याकडचा. महिला मंडळाच्या क्लासात त्या केक शिकल्या, आणि झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल विजेचा ओव्हन त्यांनी घेतला आहे. गुलाबाची फुलं, पानं, वर वाढदिवसाची अक्षरं, हे त्या कागदाच्या कोनातून इतकं सुबक काढतात की सुरी लावायला जीव होत नाही. पण इंजिनाची चाकं काही कोनातून निघत नाहीत. त्याला साचा लागतो. तेव्हा अनुसयाकाकूंनी माझं नाव सांगितलं. बळीरामभाऊंची सारी नोकरी वर्कशॉपात साच्यातच गेली, ते करून देतील.

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगू का, रिटायर झाल्यापासून मला कोणी काही करून मागितलंच नव्हतं. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस रेडिओला उत्तरं देऊ लागतो. बाजारभाव सांगणाऱ्याशी माझं रोज भांडण व्हायचं. त्यामुळे अनुसयाकाकूंचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी पायात चपला घातल्या, आणि जयवंताबाईंच्या दारात उभं राहून म्हणालो, "साखर काय अन् लोखंड काय, साचा तो साचाच." प्रेमिला, हे वाक्य कोणत्याही माणसाने कोणत्याही बाईच्या स्वयंपाकघरात म्हणू नये.

सागवानाच्या तुकड्यातून मी चाक कोरलं, आऱ्यांसकट. त्यावरून प्लास्टरचा साचा घेतला. इथवर सगळं झकास. मग जयवंताबाईंनी साखरेची कणीक मळली. पिठी साखर, अंड्याचं पांढरं, जिलेटिन आणि चार थेंब लिंबू. मी ती घेतली आणि आम्ही वर्कशॉपात माती ठासायचो तशी हातोडीच्या दांड्याने साच्यात ठासली. ओतकाम गार झालं की आम्ही मातीचा साचा फोडून माल बाहेर काढायचो, म्हणून मी प्लास्टरचा साचाही फोडला. आत चाक होतं, पण त्याला इतकं प्लास्टर चिकटलं होतं की ते मोडक्या हाडासारखं दिसत होतं. जयवंताबाई पोळपाटाशी बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बळीरामजी, ही कणीक आहे. इच्याशी आपली काही दुश्मनी नाही." मग दुसऱ्या साच्यात त्यांनी मक्याचं पीठ भुरभुरलं, कणीक अंगठ्याने हलकेच दाबली, साचा पालथा करून पाठीवर टिचकी मारली, आणि चाक पुरीसारखं तळहातावर पडलं. मला हसू आलं. आपल्याच घरी असतो तर राग आला असता.

एका गोष्टीत मात्र मी ऐकलं नाही. चाकावर वजन येतं, चाक मजबूत पाहिजे, म्हणून जिलेटिन वाढवा, असा मी हट्ट धरला. त्या म्हणाल्या, लोकाईले ते खायचं आहे. मी म्हणालो, आधी गाडी उभी तर राहू द्या. शेवटी त्यांनी जिलेटिनची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घ्या, तुमची चाकं, तुमचा हिशेब." माझी चाकं वाळल्यावर ताटात टाकली की टण्ण वाजायची. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

या सगळ्यात अंड्यांचं पांढरं तेवढं लागायचं आणि पिवळं उरायचं. ते टाकायचं कसं? जयवंताबाई अंडं खात नाहीत. करतात, पण खात नाहीत. त्यामुळे वाटीभर पिवळा बलक रोज माझ्या घरी यायचा आणि मी त्याची भुर्जी करायचो. सकाळी भुर्जी, संध्याकाळी भुर्जी. शेवटी शेवटी मला रस्त्यात कोंबडी दिसली तरी मी नजर चुकवून जायचो.

आणि वर नवतपा, वर्षातले सगळ्यांत तापलेले ते नऊ दिवस. भिलाईचं ऊन तू मला सांगू नको, तिथे कारखान्याची भट्टी तरी आहे, दोष द्यायला. इथे नुसतं आकाशच तापतं. जयवंताबाईंकडे खसच्या ताट्यांचा कूलर आहे. तो सुरू केला की आम्हाला बरं वाटायचं, पण हवेतल्या ओलीने साखरेची चाकं घामेजायची, आणि सकाळी वाळवलेलं दुपारी पुन्हा मऊ. कूलर बंद केला की चाकं खणखणीत, पण बाकीचं मलईचं आयसिंग पातळ होऊन रुळांवरून खाली उतरायचं, आणि आम्ही दोघं पंच्याने तोंड पुसत बसायचो. पुसायचं आयसिंग की कपाळ, हेच कळेना. मग आम्ही एक पद्धत बसवली. चाकं माझ्या घरी, बिनाकूलरच्या खोलीत, तुझ्या जुन्या टेबलावर. मलईचं काम त्यांच्या घरी, कूलरसमोर. आणि मी मधल्या गल्लीतून ताट घेऊन येरझारा घालणार. लोकांनी ते पाहिलंच. गल्लीतल्या मीराबाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "काहून हो बळीरामभाऊ, रोज ताट झाकून कुठं जाऊन राहिले?" मी म्हणालो, चाकं नेऊन राहिलो. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

काळ्या रंगाने तर आमची परीक्षाच पाहिली. खायचा काळा रंग अख्ख्या इतवारीत मिळेना. मी म्हणालो, काजळी घालू, इंजिनाला काजळीच लागते. जयवंताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती वाटी स्वतःच उचलून बाहेर ठेवली. त्यांनी कोको घातला, तर इंजिन मातीच्या चुलीसारखं झालं. त्यात निळा घातला, तर हिरवट. त्यात लाल घातला, आणि मग जो रंग आला तो मी भांड्यासकट दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. त्या म्हणाल्या, "वांगं झालं जी." आणि हसायला लागल्या. प्रेमिला, त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतलं पाणी पदराने पुसावं लागलं, आणि पदराचा रंग गालाला लागला, आणि ते पाहून मीही हसलो. मग घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी मी रेडिओ लावलाच नव्हता.

तर शेवटी इंजिन वांग्याच्या रंगाचं झालं. चांगलं तजेलदार. धुराड्यातून धूर पाहिजे म्हणून मी बुढ्ढी के बाल, तो साखरेचा कापूस, आणले. ते पांढरे मिळाले नाहीत, म्हणून धूर गुलाबी झाला. आणि इंजिनात उभा एक ड्रायव्हर जयवंताबाईंनी साखरेचा केला, बोटाएवढा. त्याला काकांच्या मिशा, गळ्यात लाल रुमाल, एक हात खिडकीबाहेर. तो हात त्यांनी किती वेळा केला आणि मोडला, मी मोजायचं सोडून दिलं. मी म्हणालो, हाताशिवाय चालेल. त्या म्हणाल्या, "हात बाहेर असल्याबिगर तो जागेश्वर कसा व्हईन?" खरंच होतं ते. काकांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा आहे, उन्हाने.

एकतीस तारखेला काका शेवटची गाडी घेऊन दुपारी चारच्या सुमारास यायचे होते, आणि रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये दिवेलागणीला कार्यक्रम. केक उन्हं उतरल्यावर न्यावा तर तिथे डबा जोडायला, रूळ मांडायला वेळ राहणार नाही. म्हणून आम्ही ऊन असतानाच निघालो. सायकलरिक्षात जयवंताबाई बसल्या, मांडीवर पाट, पाटावर केक, वर ओलं धोतर ताणून धरलेलं. मी बाजूने छत्री धरून चालत होतो. रिक्षावाल्याने जोरात हाकली की केक हलायचा, म्हणून त्याला हळू जायला सांगितलं, आणि हळू गेलं की ऊन जास्त लागायचं. रस्त्यात दोघांनी मूर्ती समजून हात जोडले. एकाने तर कुठले बाप्पा म्हणून विचारलं. मी म्हणालो, रेल्वेचे.

आणि फाटक बंद. उन्हात उभे राहिलो. गाडी येईना. ओल्या धोतराखालून गुलाबी थेंब पडायला लागला, म्हणजे धूर गेला. जयवंताबाई फुंकर घालत होत्या, मी छत्री या बाजूची त्या बाजूला करत होतो, माझं स्वतःचं डोकं तव्यासारखं झालं होतं. मी फाटकवाल्यावर चिडलो, कोणाची गाडी आहे ही, इतका उशीर? तो म्हणाला, जागेश्वररावांची. शेवटची खेप आहे, ठेसनाठेसनावर लोक हार घालून राहिले, म्हणून लेट. म्हणजे ज्याच्यासाठी केक केला तोच माणूस तो केक उन्हात वितळवत होता, आणि त्याला पत्ताही नव्हता. शेवटी गाडी आली. इंजिनाला झेंडूच्या माळा, खिडकीत काका, हात बाहेर. त्यांनी आम्हाला पाहिलं. केक झाकलेला होता, तो त्यांना दिसला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की रिक्षात जयवंताबाई आहेत आणि बाजूला बळीराम छत्री धरून उभा आहे. त्यांनी जी शिटी धरली ती सिग्नल पार होईपर्यंत सोडली नाही.

हॉलमध्ये पोचलो तर पुढचं एक चाक निखळलेलं आणि इंजिन नाकावर कललेलं. माझी मजबूत चाकं मजबूतच होती, खालचा केकच मऊ पडला होता. जयवंताबाईंनी आयसिंग भरून टेकू दिला, तरी ते कललेलंच राहिलं. काकांनी वरचं कापड काढलं. काकांनी पाटाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग म्हणाले, "एवढ्या नोकरीत माझी गाडी कधी रुळावरून उतरली नाही. रिटायर झालो तशी उतरली." आणि मग वाकून म्हणाले, "बळीराम, हे इंजिन आहे का भरताचं वांगं?" सगळा हॉल हसला. पण त्यांना तो साखरेचा ड्रायव्हर दिसला, आणि ते हसता हसता थांबले. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून अनुसयाकाकूंच्या हातावर ठेवला. सुरी त्यांनी इंजिनाला लावलीच नाही. इंजिनावर माझा हात नाही चालत, म्हणाले, आणि डबा कापला.

इंजिन मग बाकीच्यांनीच खाल्लं. अनुसयाकाकूंचे मोठे भाऊ भैयाजी, त्यांना तू ओळखतेस, सगळं आधी चाखून पाहणारे. त्यांनी चाक उचललं. मी म्हणालो, भैयाजी, जरा बेतानं. ते म्हणाले, मी लहानपणी ऊस सोलला आहे या दातांनी. हे दात म्हणजे ते नव्हते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चावा घेतला, आणि चाक ताटात परत आलं ते कवळीसकट. ती आऱ्यांमध्ये अशी रुतली होती की कोमट पाण्यात ठेवून सोडवावी लागली, आणि तोवर भैयाजी रुमाल तोंडाला लावून भिंतीकडे पाहत बसले होते. जयवंताबाई माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमचा हिशेब."

मग काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "या लाइनवर मी गाई पाह्यल्या, रानडुकरं पाह्यली, एकदा अस्वल पाह्यलं. पण आज फाटकावर पाह्यलं ते कधीच नाही पाह्यलं. आपला बळीराम, भर नवतप्यात, सोताचं डोकं उघडं, अन् जयवंताबाईवर छत्री धरून उभा. मग मी शिटी नाही मारू तर काय करू?" हॉल असा हसला की पंखेसुद्धा हलले असतील. मी उभा राहून सांगितलं, छत्री केकवर होती. त्यावर लोक अजून हसले. तेव्हा जयवंताबाई, हातात बशा घेतलेल्या, शांतपणे म्हणाल्या, "केक माझ्या मांडीवर होता. तर छत्री दोघांवरही होती." हसू थांबलं. मला तर ऊन लागलं ते तेव्हा लागलं, अंधार पडल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साचे धुऊन परत द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, बळीरामजी, लोक बोलून राहिले. मी म्हणालो, बोलू द्या. त्या म्हणाल्या, "लोकाईचं सोडा. तुम्ही काही बोलान का नाही?" प्रेमिला, मी रात्रभर मनात चांगली वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. माझ्या तोंडून निघालं, "तुमचा ओव्हन माझ्या घरात कुठं ठेवता येईल, ते पाहून ठेवलं आहे." त्यांनी साचे उन्हात मांडले, एकेक, सावकाश, आणि म्हणाल्या, "आधी पोरीले लिहा. तिले परवानगी मागायची नाही, फैसला सांगायचाही नाही. जसं झालं तसं लिहा, अन् तिचं काय म्हणणं आहे ते येऊ द्या. तिच्या मनात नसन तर मी आहे तिथं बरी आहे." आणि मी वळलो तशा मागून म्हणाल्या, "तुम्ही सगळं केकचंच लिहान, मुद्दा राहून जाईन."

तर बेटा, मुद्दा हा. तू भिलाईला बोलावतेस ते मायेनं, मला कळतं. येईनही, पण पाहुणा म्हणून, आणि तुझी हरकत नसली तर दोघं येऊ. तुझ्या आईचा फोटो आहे तिथेच राहील. तो हलवायचा नाही, हे मी बोलायच्या आधी जयवंताबाईच बोलल्या. वाजतगाजत काही करायचं नाही. विहारात भंतेजींसमोर वंदना घेऊ, चार माणसं असतील, जागेश्वरकाका साक्षीदार व्हायला आत्ताच कोट इस्त्रीला देऊन बसले आहेत. मी त्यांना सांगितलं, थांबा, माझ्या लेकीचं पत्र यायचं आहे. तुला राग आला तर तोही लिही, मी वाचीन. पण लिही लवकर. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्यांच्याकडे चहाला जायचं नाही, अशी त्यांची अट आहे. तेव्हा सध्या चहा मीच करतो आहे, आणि माझा चहा तू प्यायलेली आहेस.

तुझाच, पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा